नोकरी गेल्यावर कर्जाच्या हप्त्यांचे काय केले: ऑक्टोबर २०२३ ते जुलै २०२५

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी दुपारी तीनच्या सुमारास आमच्या विभागातील अकरा जणांना एकेक करून एचआरच्या केबिनमध्ये बोलावले गेले. भोसरी एमआयडीसीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी अकरा वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम करत होतो. मुख्य ग्राहकाची ऑर्डर दुसरीकडे गेली असून आमची लाइन बंद होणार, अशी कुजबुज गणपतीपासून सुरू होती. तरीही माझ्या नावाचा राजीनामा टेबलावर टाइप करून ठेवलेला पाहिला, तेव्हा हातापायांतले बळच गेले. नोटीसच्या बदल्यात एक महिन्याचा पगार मिळेल आणि अनुभवाचा दाखला चांगला देऊ, असे सांगण्यात आले. मी सही करून बाहेर आलो.

त्या सहीची किंमत मला पुढे कळली. कामगार या व्याख्येत बसणाऱ्या आणि किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या माणसाला कंपनीने कमी केले, तर तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागत असे. राजीनामा स्वतःहून दिल्याचे कागदावर आले की ती भरपाई मागणे फार अवघड होऊन बसते. म्हणून कोणावर ही वेळ आलीच, तर सही करण्याआधी दोन दिवसांची मुदत मागावी, पत्राची प्रत घरी आणावी आणि ती एखाद्या जाणत्या माणसाला दाखवावी.

हातात पगार ३६,५०० रुपये येत होता. त्यातून मोशीच्या वन बीएचकेच्या गृहकर्जाचा हप्ता १४,३०० रुपये, वडिलांच्या ऑपरेशनसाठी २०२२ साली घेतलेल्या तीन लाखांच्या वैयक्तिक कर्जाचा हप्ता ६,९०३ रुपये, पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता ३,४०० रुपये आणि क्रेडिट कार्डाचे किमान देणे सुमारे ३,१०० रुपये, असे २७,७०० रुपये दरमहा जात होते. पगार चालू असताना हे ओढूनताणून जमत होते आणि जमते आहे म्हणजे ठीक आहे, असे मी समजत होतो. पत्नीला गृहकर्ज आणि पतसंस्थेचे कर्ज माहीत होते. कार्डावर ६२,००० रुपये साचले आहेत, हे मी तिच्यापासून लपवले होते.

दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. सण होईपर्यंत मी घरात तोंड उघडले नाही. भाऊबीज झाल्यावर, १६ नोव्हेंबरच्या रात्री मुले झोपल्यावर, मी तिला सगळे सांगितले. ती काही वेळ गप्प बसली. मग आत जाऊन मुलीची अर्धी लिहिलेली दोनशे पानी वही घेऊन आली, मागच्या बाजूने उघडली आणि म्हणाली, “एकेक सांगा, मी लिहिते.” तिने रेघा आखून कोणाचे कर्ज, किती बाकी, हप्ता किती, तारीख कोणती, व्याज किती आणि तारण किंवा जामीन कोणाचा, असे सहा रकाने पाडले. व्याजाचा रकाना भरायला मला रात्रीचे दोन वाजले, कारण चारपैकी तीन कर्जांचा व्याजदर मला तोंडपाठ नव्हता. कार्डाच्या बिलावर बारीक अक्षरांत छापलेला महिना साडेतीन टक्के हा दर, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के, मी त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचला. एकूण बाकी १७ लाखांच्या पुढे निघाली. तो आकडा पाहून पोटात खड्डा पडला, पण ओझे दोघांच्या खांद्यांवर आल्यावर मला त्या रात्री झोप लागली, हेही खरे आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही माझा पतअहवाल (क्रेडिट रिपोर्ट) काढला. सिबिलसारख्या चार संस्था आपल्या देशात आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. पैसे भरायला सांगणाऱ्या जाहिरातींच्या नादी लागू नये. वहीतील कर्जे आणि अहवालातील कर्जे जुळतात का, हे पाहिले. माझा गुणांक (क्रेडिट स्कोअर) तेव्हा ७४१ होता.

मदत नेमकी कोणाकडे मागायची, हे आम्हाला ठाऊक नव्हते. पत्नीच्या बचत गटातील एका ताईंनी सांगितले की, बँकांची वित्तीय साक्षरता केंद्रे असतात आणि तेथे कर्जाबाबत विनामूल्य सल्ला मिळतो. आम्ही दोघे २२ नोव्हेंबरला वही घेऊन तेथे गेलो. समोर बसलेले गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी होते. त्यांनी आधी दोघांना पाणी दिले, मग वही पुढे ओढून दहा मिनिटे काही न बोलता वाचली. नंतर त्यांनी जे सांगितले, त्यावर आमचे पुढचे दीड वर्ष चालले. ते म्हणाले, “हप्ता चुकणार आहे हे तुम्ही आधी कळवलंत, तर तुम्ही अर्जदार. चुकल्यावर त्यांनी तुम्हाला गाठलं, तर तुम्ही थकबाकीदार. माणूस तोच, पण समोरच्या खुर्चीतून दिसतो वेगळा.”

त्यांनी कर्जांचा क्रम लावून दिला. घर पहिले, कारण ते तारण आहे: हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते अनुत्पादक (एनपीए) ठरते आणि त्यानंतर बँक सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागू शकते. त्यानंतर पतसंस्था, कारण तेथे दोन जामीनदार आहेत आणि आपल्या थकबाकीची झळ त्यांच्या घरात पोहोचते. मग कार्ड, कारण त्याचे व्याज सर्वांत जड. वैयक्तिक कर्ज शेवटी, कारण त्याला तारण नाही आणि जामीनदारही नाही. ते बुडवावे, असे त्यांनी एकदाही सुचवले नाही. पैसे अपुरे असताना आधी कोणाला द्यायचे, एवढाच तो क्रम होता. मी एकटा असतो तर उलट केले असते. जो जास्त फोन करील, त्याला आधी पैसे देऊन मोकळा झालो असतो.

कोविडच्या काळात मिळाली होती तशी हप्त्यांना स्थगिती आता मिळेल का, असे मी विचारले. तशी सार्वत्रिक सवलत आता नाही, प्रत्येक बँक प्रकरण पाहून ठरवते आणि हप्ता कमी करून मुदत वाढवली तर त्याची नोंद पतअहवालात होऊ शकते, असे त्यांनी स्पष्ट केले. त्या संध्याकाळी आम्ही चारही कर्जांसाठी अर्ज लिहिले. प्रत्येक अर्जात कर्ज खाते क्रमांक, नोकरी गेल्याची तारीख, राजीनामा स्वीकारल्याच्या पत्राची प्रत, सध्याचे घरातील उत्पन्न आणि पुढील सहा महिने मी दरमहा नेमके किती भरू शकतो, तो आकडा लिहिला. “कृपया सहानुभूतीने विचार व्हावा” एवढ्यावर थांबणारा अर्ज कोणी गंभीरपणे घेत नाही, आकडा असलेल्या अर्जाला उत्तर द्यावे लागते, हे मी अनुभवाने सांगतो.

गृहकर्जाच्या शाखेत अर्ज लगेच स्वीकारला गेला. दुसऱ्या प्रतीवर लिपिकाने जांभळा गोल शिक्का मारला, त्यात तारीख घातली आणि बाजूला आद्याक्षरे केली. त्या पोचेची किंमत तेव्हा मला कळली नव्हती. वैयक्तिक कर्ज आणि कार्ड एकाच खासगी बँकेचे होते; तेथील काउंटरवर “असा अर्ज शाखेत घेत नाही, कस्टमर केअरला फोन करा” असे सांगून मला परत पाठवले. तो अर्ज मी टपाल कार्यालयातून पोचपावतीसह रजिस्टर केला. आठ दिवसांनी सही असलेले गुलाबी कार्ड घरी आले आणि ते आम्ही वहीत चिकटवून ठेवले.

डिसेंबरमध्ये भविष्य निर्वाह निधीचे काम हाती घेतले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे नोकरी सुटून एक महिना झाल्यावर खात्यातील ७५ टक्के रक्कम काढता येत होती. हे नियम बदलत असतात, म्हणून आपल्या वेळी काय लागू आहे ते निधीच्या पोर्टलवर पाहूनच अर्ज करावा. माझ्या खात्यात २,९६,००० रुपये होते. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, आधार, पॅन आणि बँक खाते जोडलेले आहे का, हे आधी तपासावे लागते. माझा पहिला दावा धनादेशाचा फोटो अस्पष्ट असल्याने नामंजूर झाला. दुसऱ्या वेळी उजेडात, धनादेशावरील नाव आणि खाते क्रमांक स्वच्छ दिसेल असा फोटो जोडला आणि बाराव्या दिवशी, २७ डिसेंबरला, २,२२,००० रुपये जमा झाले.

जमा झाले ते मात्र पगाराच्या खात्यात, आणि ते खाते त्याच खासगी बँकेत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शिल्लक पाहिली तर चुकलेला एक हप्ता ६,९०३ रुपये, हप्ता परत गेल्याचे शुल्क ५९० रुपये आणि कार्डाच्या बाकीपोटी २४,००० रुपये, असे ३१,४९३ रुपये वळते झालेले होते. दोन महिन्यांच्या घराच्या हप्त्यांची सोय अशी एका रात्रीत गेली. मी शाखेत जाऊन बोललो, लेखी तक्रार केली. खाते उघडताना आणि कार्ड घेताना सही केलेल्या अटींमध्ये बँकेला तसा अधिकार दिलेला आहे, असे उत्तर आले आणि पैसे परत मिळाले नाहीत. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचे कर्ज आणि पगाराचे खाते एकाच बँकेत असेल, तर निधीचा दावा करण्यापूर्वी पोर्टलवरील बँक खाते बदलून घ्यावे. त्याला काही दिवस लागतात, पण ते दिवस द्यावेत. मी उरलेले पैसे त्याच दिवशी पत्नीबरोबरच्या राष्ट्रीयीकृत बँकेतील संयुक्त खात्यात हलवले आणि गृहकर्जाचा हप्ता तेथूनच कापला जाईल अशी व्यवस्था केली.

आमच्याबरोबर काढलेल्या दोघांचा पगार २१,००० रुपयांच्या आत असल्याने ते कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेत होते. त्यांना अटल बिमित व्यक्ती कल्याण योजनेखाली सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळाली. माझा पगार मर्यादेच्या वर असल्याने मला ते लागू नव्हते, पण ही योजना अनेकांना माहीतच नसते म्हणून येथे लिहितो.

जानेवारीत सर्वांत लागलेली गोष्ट घडली. पतसंस्थेचे दोन हप्ते राहिले होते. अर्ज दिलेला होता, पण त्यांच्या नियमाप्रमाणे जामीनदारांना पत्र गेलेच. माझा एक जामीनदार पत्नीचा धाकटा भाऊ आहे. तो रविवारी सकाळी आला, चहा घेतला नाही, आणि उंबऱ्याजवळच उभा राहून हळू आवाजात म्हणाला, “दाजी, पतसंस्थेचं पत्र आमच्याकडं आलं. आईनं वाचलं. तिला वाटलं, माझ्यावरच कर्ज आहे.” माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्याला अर्जाची पोच दाखवली, वही दाखवली आणि ग्रॅच्युइटी आली की सर्वांत आधी ही बाकी मिटवीन, असा शब्द दिला. तो वही वाचत खाली बसला आणि मग त्याने चहा घेतला. सहकारी संस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळाला, तर तो कर्जदाराबरोबर जामीनदारावरही बजावला जाऊ शकतो. म्हणून जामीनदाराला पत्र जाण्याआधी आपण स्वतः त्याच्या घरी जावे. मी गेलो नव्हतो, आणि त्याची खंत अजून आहे.

ग्रॅच्युइटीसाठी मला वाट पाहावी लागली. पाच वर्षांहून अधिक सेवा असल्याने माझा हक्क होता: शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये, त्याला २६ ने भागून १५ ने गुणले की १०,५०० आणि त्याची अकरा वर्षे, म्हणजे १,१५,५०० रुपये. कायद्याप्रमाणे ही रक्कम ३० दिवसांत द्यायची असते. कंपनीकडून “पुढच्या आठवड्यात” असे उत्तर दोन महिने मिळत राहिले. शेवटी मी विहित नमुन्यातील अर्ज भरून, त्यावर हा हिशेब लिहून, उशिराच्या काळावर व्याज देय असल्याचा उल्लेख करून तो रजिस्टर पोस्टाने पाठवला. १९ फेब्रुवारी २०२४ रोजी पैसे आले. व्याज आले नाही आणि मी त्यासाठी भांडलो नाही. २१ तारखेला पतसंस्थेत ६८,४०० रुपये भरून खाते बंद केले आणि काही देणे उरले नाही असा बेबाकी दाखला घेतला. त्याची एक प्रत घेऊन मी त्याच संध्याकाळी सासूबाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात ठेवला.

त्याच सुमारास कार्डाची उरलेली ४२,००० रुपयांची बाकी लेखी विनंतीवरून अठरा हप्त्यांत बांधून मिळाली, दरमहा सुमारे २,६८० रुपये. व्याज वर्षाला अठरा टक्के लागले. कार्ड मी त्याच दिवशी कात्रीने कापले. घरखर्च तोपर्यंत पत्नीच्या पोळी-भाजीच्या डब्यांवर आला होता. तिने नोव्हेंबरमध्ये शेजारच्या तीन मुलांच्या डब्यांपासून सुरुवात केली होती. फेब्रुवारीत नऊ डबे होते. मी सकाळी भाजी आणून चिरून देत असे आणि दुपारी सायकलवरून डबे पोहोचवत असे. वैयक्तिक कर्जात मी जमेल त्या महिन्यात २,००० रुपये भरत राहिलो. हप्ता पूर्ण होत नसेल तर काहीच भरू नये, असे मला दोघा-तिघांनी सांगितले होते. ते मी ऐकले नाही, आणि त्याचा उपयोग पुढे झाला.

या काळात दोन वाटा अगदी दारापर्यंत आल्या होत्या. आमच्या भागातील एकाने शेकडा पाचने पैसे देऊ केले, म्हणजे वर्षाला साठ टक्के. त्याच्याकडे परवाना आहे का, असे पत्नीने सरळ विचारले, तेव्हा तो विषय संपला. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. दुसरी वाट मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपची होती. एका रात्री मी सगळी माहिती भरत गेलो आणि ॲपने फोनमधील सर्व संपर्क आणि फोटो पाहण्याची परवानगी मागितली, तेथे माझे बोट थांबले. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या ॲपला अशी परवानगी घेता येत नाही, हे मला नंतर समजले. अशा कोणाचा त्रास सुरू झालाच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर तक्रार करता येते.

मार्चपासून वसुलीचे फोन वाढले. दिवसाला पंधरा-वीस फोन येत, वेगवेगळ्या नंबरवरून. फोन वाजला की वडील माझ्या तोंडाकडे पाहत. ज्यांच्या ऑपरेशनसाठी ते कर्ज घेतले होते, त्यांना ते कळू न देण्याची माझी धडपड होती, पण घर लहान असले की काही लपत नाही. २२ मार्चला रात्री साडेआठला दोन तरुण दाराशी आले आणि जिन्यात मोठ्याने बोलू लागले. मी त्यांना आत बोलावले नाही. ओळखपत्र आणि बँकेने दिलेले अधिकारपत्र मागितले, त्यांची नावे वहीत लिहिली आणि सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातच्या नंतर कर्जदाराला फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने सांगितलेले असताना तुम्ही यावेळी दाराशी कसे, असे विचारले. माझा आवाज कापत होता. “साहेब, आम्हाला पण टार्गेट असतं हो,” असे त्यांतला एक जण म्हणाला आणि दोघे निघून गेले. तो मुलगा माझ्या पुतण्याच्या वयाचा असेल. त्याच्याबद्दल मला राग राहिला नाही.

तक्रार मात्र मी केली. तारीख, वेळ, फोन नंबर आणि नावे यांसह बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल पाठवला आणि त्याचा क्रमांक जपून ठेवला. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. बँकेकडे आधी तक्रार न करता थेट लोकपालाकडे गेल्यास ती फेटाळली जाते, हा क्रम लक्षात ठेवावा. माझ्या बाबतीत तेथवर जावे लागले नाही. विसाव्या दिवशी दिलगिरीचे उत्तर आले आणि फोन दिवसाला एक-दोनवर आले.

मे महिन्यात बँकेच्या वकिलाची नोटीस आली: २,४७,००० रुपये पंधरा दिवसांत भरा, अन्यथा दिवाणी आणि फौजदारी कारवाई. ‘फौजदारी’ हा शब्द वाचून त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी मी १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन केला आणि तेथून शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाची वाट कळली. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, औद्योगिक कामगारांना आणि इतर काही गटांना उत्पन्न न पाहता विनामूल्य वकील मिळतो. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांची मर्यादा आहे. मी उत्पन्नाचा दाखला काढायला घेतला, त्याला अकरा दिवस लागले. आर्थिक वर्षात सातच महिने पगार झाल्याने आकडा मर्यादेत बसला. अर्ज, आधार, दाखला आणि नोटीसची प्रत दिल्यावर तीन आठवड्यांत वकील मिळाल्या. फी एक रुपयाही लागली नाही.

वकीलबाईंनी वही, अर्जांच्या पोचा आणि दोन-दोन हजारांच्या पावत्या पाहिल्या. कर्ज फेडता न येणे हा स्वतःहून गुन्हा होत नाही. धनादेश किंवा ईसीएसचा (खात्यातून आपोआप कापला जाणारा) हप्ता परत गेल्यास मात्र कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे, म्हणून नोटीसला वेळेत उत्तर देणे महत्त्वाचे, असे त्यांनी समजावले. त्यांनी उत्तर पाठवले आणि दावा दाखल होण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत घेण्यासाठी अर्ज केला. कर्जदारही असा अर्ज करू शकतो, हे मला नवीन होते.

९ सप्टेंबर २०२४ रोजी मला चाकणला कंत्राटी पद्धतीवर काम मिळाले, पगार हातात २४,५०० रुपये. निधीतून भरलेले घराचे सर्व हप्ते तोपर्यंत वेळेत गेले होते.

१४ डिसेंबरला, शनिवारी, राष्ट्रीय लोकअदालत होती. सकाळी साडेनऊला पोहोचलो तेव्हा न्यायालयाच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. वाहतूक दंड, वीजबिले, बँकांची प्रकरणे, सगळ्यांची वेगवेगळी टेबले. आमचा क्रमांक दुपारी पावणेदोनला लागला. बँकेची बाकी तेव्हा २,५८,००० रुपये दाखवलेली होती. बँकेचे प्रतिनिधी २,३०,००० वर मिटवायला तयार होते. आम्ही १,२०,००० म्हटले. पॅनेलवरील न्यायाधीश महोदयांनी वही मागून घेतली. त्यांनी गुलाबी पोचकार्ड उलटसुलट पाहिले आणि बँकेच्या प्रतिनिधींना विचारले, “नोव्हेंबर २०२३ चा अर्ज आहे हा. याला उत्तर काय दिलंत?” उत्तर दिलेले नव्हते. पाऊण तासाने १,६०,००० रुपयांवर तडजोड झाली: एक लाख ३१ डिसेंबरपर्यंत आणि उरलेले साठ हजार १५,००० च्या चार हप्त्यांत.

तेथे सही करण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. एक हप्ता चुकला तरी बँक थेट अंमलबजावणीला जाऊ शकते, म्हणून आवाक्यातलाच आकडा कबूल करावा. सर्व कारवाई मागे घेण्याचे आणि शेवटच्या हप्त्यानंतर किती दिवसांत बेबाकी पत्र देणार, हेही वकीलबाईंनी निवाड्यात लिहून घेतले. एक लाखासाठी पत्नीने आपल्या बांगड्या राष्ट्रीयीकृत बँकेत तारण ठेवल्या, व्याज वर्षाला साडेनऊ टक्के. तिने त्या काढताना साबणाचे पाणी लावले, कारण लग्नापासून एक बांगडी हातातून निघालेली नव्हती.

शेवटचे १५,००० रुपये ३० एप्रिल २०२५ रोजी भरले. मे अखेरीस आलेल्या बेबाकी पत्रात कर्ज खात्याचा शेवटचा आकडा चुकीचा होता. तो दुरुस्त करून घ्यायला नऊ दिवस लागले. जूनमध्ये पतअहवाल काढला तर खाते अजून थकीत दिसत होते. पतसंस्थेचे नाही, वैयक्तिक कर्जाचे. सिबिलकडे ऑनलाइन हरकत घेतली आणि निवाड्याची प्रत जोडली. अशी दुरुस्ती ३० दिवसांत झाली नाही, तर दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. बाविसाव्या दिवशी नोंद बदलली, पण ती ‘पूर्ण फेड’ अशी न होता ‘तडजोड’ अशी झाली. गुणांक ५७८ आहे आणि पुढची काही वर्षे नवीन कर्ज सहज मिळणार नाही, हे मान्य करूनच आम्ही सही केली होती.

कार्डाचा अठरावा हप्ता जुलैत गेला. बांगड्यांचे ४१,००० रुपये बाकी आहेत आणि डबे आता सोळा झाले आहेत. मागच्या रविवारी जुन्या कारखान्यातील एक सहकारी घरी आला होता. त्याची लाइन ऑगस्टमध्ये बंद होणार आहे आणि त्याचेही पगाराचे खाते त्याच्या कर्जाच्या बँकेतच आहे. पत्नीने त्याच्यासमोर कोरी वही ठेवली आणि रकाने आखायला घेतले.